अकरा दिवस

संचमान्यता आली मंगळवारी, मधल्या सुट्टीत,
मुल्ला भाऊसाहेबांच्या प्रिंटरमधून,
शाई संपत आल्यामुळे फिकट.
कला आणि संगीत मिळून पद एक.
पदावर आम्ही दोघं.
मुख्याध्यापक चष्मा पुसत म्हणाले, "बसा, गज्जम बाई."
एरवी ते उभ्या उभ्याच सांगतात काय ते.

ज्येष्ठतेच्या यादीत हिरेमठ सर माझ्या वर आहेत,
अकरा दिवसांनी.
ते जूनच्या चौदाला रुजू झाले, मी पंचवीसला.
मधले अकरा दिवस मी काय करत होते?
आई सिव्हिलमध्ये होती.
तंबाखूच्या भुकटीनं भरलेली तिची छाती
रात्रभर वाजायची,
आणि नेमणुकीचं पत्र उशीखालून काढून ती म्हणायची,
"पो बिड्डा, पो. हजर हो जा. मी काय पळून जाते?"
मी गेले नाही.

अतिरिक्त.
शब्द तसा सभ्य आहे,
कडक भाकरीसारखा कोरडा,
फडक्यात बांधून ठेवला तर महिनाभर टिकेल.

वडील ग्राफवर चादरी काढायचे.
एक चौकोन, एक धागा.
मोर काढायचा तर तो आधी मोजायचा.
मग कारखान्यात कॉम्प्युटर आला.
मालक एका शब्दानं वाईट बोलले नाहीत,
जाताना एक चादर दिली,
वडिलांच्याच मोराची.
ती ट्रंकेत आहे. आमच्यात कुणी पांघरत नाही.

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं पट वाढवायला
पूर्व भागात दारोदार हिंडलो,
चव्वेचाळीस डिग्रीत, सरांच्या एका छत्रीत.
ओसरीवर बाया मांडीवर सूप घेऊन बसलेल्या,
हजार विड्या झाल्याशिवाय मान वर करत नव्हत्या.
सर म्हणाले, "तुम्ही वळत राहा, मी एक पद म्हणतो."
आणि म्हणाले, तिथंच, चपला हातात धरून.
एकीनं दोरा तोंडात तसाच ठेवून ऐकलं.
चार मुलं मिळाली.
सत्त्याण्णव झाली.

काल सर चित्रकलेच्या खोलीत आले,
दारात उभे राहून म्हणाले,
"तुम्ही राहा, बाई. माझं दीड वर्ष उरलंय,
मी लिहून देतो."
धाकटीची इंजिनिअरिंगची फी त्यांनी सोसायटीतून उचललीय,
जामीन म्हणून सही माझीच आहे.
मी म्हणाले, "नको, सर."
पण लगेच नाही म्हणाले.
आधी माझ्या डोक्यातून घराचा हप्ता गेला,
मग करमाळ्याची पहिली एसटी किती वाजता सुटते ते,
आणि मग म्हणाले.
तेवढ्या वेळात सर भिंतीवरची चित्रं बघत होते,
किंवा बघितल्यासारखं करत होते.

भिंतीवर सातवी ब आहे.
विषय दिला होता, गिरणीची चिमणी.
एकाही पोरानं धूर काढला नाही.
इरेश बोद्दूलनं चिमणीच्या टोकाला पिंपळ काढला,
तिसऱ्या पानाला भोकसुद्धा.
मी म्हटलं, हे काय रे?
म्हणाला, "आहे बाई तिथं. चला दाखवतो."
घरी जाताना वळसा घालून बघितलं.
आहे.

आज बुधवार, सातवा तास.
वेळापत्रक अजून कुणी बदललेलं नाही.
फळीच्या पलीकडं सरांची पेटी,
तिची एक काळी पट्टी दाबली की वर येत नाही,
ते बोटानं उचलतात आणि पुढं जातात.
नागमणीनं विचारलं,
"बाई, पुढच्या वेळी खडू आणायचे की जलरंग?"
खडूचं चित्र एका तासात होतं.
जलरंगाला एक थर वाळू द्यावा लागतो,
दोन बुधवार तरी जातात.

जलरंग, म्हणाले.